फ्लॅट टॅपेट काढून रोलर कॅम टाकताना: आधी झिजलेलं लोखंड शोधा

तुमचा प्रश्न असा: गाडी १९७० ची शेव्हरोलेट शेव्हेल मालिबू, इंजिन मूळचंच ३५० घन इंची व्ही-८, वर दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, मागे टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गेल्या उन्हाळ्यात इंजिन कार्ब्युरेटरमधून फटफट करायला लागलं. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर एक्झॉस्टचा एक रॉकर जेमतेम हलत होता. गॅरेजवाल्याने सांगितलं, "कॅमचा लोब गेला, आता रोलरच टाका, कटकट मिटेल." (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब, आणि लोबवर टेकून पुशरॉड-रॉकरमार्फत व्हॉल्व्ह ढकलणारा भाग म्हणजे लिफ्टर. फ्लॅट टॅपेटचा लिफ्टर लोबवर घसरतो, रोलरच्या तळाला चाक असतं.) तेव्हा रोलर टाकावा का, पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्लॉकमध्ये तो सरळ बसतो का आणि सोबत काय काय बदलावं लागतं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी डेट्रॉइटजवळच्या एका इंजिन मशीन शॉपमध्ये काम करतो. त्याआधी भोसरीत ग्राइंडिंग आणि बोअरिंगचं काम केलं. या जुन्या शेव्हरोलेट स्मॉल-ब्लॉकची इंजिनं आमच्याकडे सतत येतात आणि त्यातली बरीच नेमकी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन येतात. रोलर टाकता येतो, आणि तुम्ही सांगता तसा गाडीचा वापर असेल, म्हणजे शनिवार-रविवारी फेरफटका आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची क्रूझ, तर मी तो टाकायलाच सांगेन. पण गॅरेजवाल्याने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं. पहिला प्रश्न असा की त्या लोबवरून झिजलेलं लोखंड इंजिनात कुठे गेलं?

आधी निदान पक्कं करून घ्या. एक्झॉस्टचा लोब झिजला की व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही आणि जळलेला वायू सिलिंडरमध्येच अडकतो. मग इनटेकचा व्हॉल्व्ह उघडला की तो वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि कार्ब्युरेटरमधून फटका मारतो. तुमचं लक्षण याच्याशी जुळतं. इनटेकचा लोब गेला असता तर त्या सिलिंडरला हवाच कमी मिळाली असती आणि इंजिन नुसतं मिस झालं असतं. तरी डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. रॉकर काढा, पुशरॉडच्या टोकावर डायल इंडिकेटर लावा, क्रँक हाताने फिरवा आणि सोळाही लोबची उचल कागदावर लिहा. कंपनीचा मूळ कॅम अजून आत असेल तर इनटेकला साधारण ०.२६० इंच आणि एक्झॉस्टला ०.२७३ इंच दिसायला हवी. १.५ पटीच्या रॉकरमधून गेल्यावर त्याचे व्हॉल्व्हपाशी ०.३९० आणि ०.४१० होतात. सगळे आकडे एका रांगेत आणि एकच एकदम खाली, असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा एक पूर्ण गेलेला असतो आणि दोन-तीन त्याच वाटेवर असतात. आकडे यापेक्षा मोठे आले, तर आधीच्या कुणा मालकाने कॅम बदललेला आहे, हेही तिथेच कळेल.

इनटेक मॅनिफोल्ड निघाला की लिफ्टर बाहेर काढा आणि त्यांचे तळ बघा. फ्लॅट टॅपेट नावाला सपाट. खरं तर त्याचा तळ अगदी किंचित फुगीर घासलेला असतो. दोन चांगले लिफ्टर तळाला तळ लावून धरले तर ते एकमेकांवर जरासे डुलतात. झिजलेल्याचा तळ बशीसारखा खोलगट झालेला असतो आणि बोट फिरवलं तरी कळतो.

तो खोलगटपणा आणि लोबवरची गेलेली उंची म्हणजे लोखंडाची बारीक भुकटी, आणि ती सगळी ऑइलमध्ये मिसळलेली आहे. पंप ती ओढतो, बरीचशी फिल्टरमध्ये अडकते. पण सकाळच्या थंड स्टार्टला ऑइल जाड असतं, दाब वाढतो, फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट क्रँकच्या मेन आणि रॉड बेअरिंगकडे जातं. बेअरिंगचा वरचा थर मऊ असल्याने भुकटी त्यात रुतून बसते आणि मग क्रँकचं जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, घासत राहते. अशा इंजिनात फक्त नवा कॅम टाकून वर मॅनिफोल्ड बसवला की नवे सुटे भाग त्याच ऑइलमध्ये पोहतात. रोलरच्या बाबतीत हे जास्तच घातक, कारण रोलर लिफ्टरच्या चाकात बारीक नीडल बेअरिंग असतं आणि त्याला व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी ही भुकटी अजिबात सोसत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: इंजिन उतरवून पूर्ण उघडणार नसाल, तर रोलरवर पैसे घालू नका.

उघडायचं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण "इंजिन धुतलं" या एका वाक्यात बरंच काही सुटून जातं. ऑइलच्या तिन्ही लांब गॅलरींचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग काढायला लावा. या ब्लॉकला पुढच्या बाजूला ठोकून बसवलेले प्लग असतात आणि मागच्या बाजूला आट्यांचे. ते न काढता गॅलरीतून ब्रश आरपार जात नाही आणि वाफेने धुतलं तरी कोपऱ्यातला गाळ तसाच राहतो. शिवाय मागच्या मेन कॅपखाली, फिल्टरकडे जाणाऱ्या वाटेत आणखी एक छोटा प्लग असतो. तो सफाईच्या वेळी काढला जातो आणि परत बसवायचा विसरला तर ऑइल फिल्टरला वळसा घालून पुढे जातं. इंजिन परत घेताना या प्लगबद्दल मुद्दाम विचारा. कॅमची बेअरिंगं नवी टाका, मेन आणि रॉडची बेअरिंगं उघडून बघा, ऑइल पंप बदला.

अजून एक. तुमच्या ब्लॉकवर, उजव्या हेडच्या पुढे, एक छोटी सपाट पट्टी आहे. तिच्यावर इंजिनाचा कोड आणि गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. गाडी मूळ इंजिनाचीच आहे याचा तो पुरावा, आणि विकताना त्याला मोठी किंमत येते. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासायला घेतला की हे आकडे एका फेरीत पुसले जातात. काम देताना पावतीवर लिहून घ्या की त्या पट्टीला हात लावायचा नाही.

आता लोब का झिजतो, ते. फ्लॅट टॅपेटचा लिफ्टर लोबवर घसरत चालतो. ही घसरण सोसावी म्हणून दोन युक्त्या केलेल्या असतात. लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोबचा माथा अगदी थोडा तिरका घासलेला असतो. त्यामुळे दोघांचा स्पर्श मध्याच्या एका बाजूला होतो आणि लिफ्टर आपल्या भोकात सतत हळूहळू फिरत राहतो. फिरतोय तोवर झीज सगळ्या तळावर वाटली जाते. फिरणं थांबलं की तोच बिंदू घासला जातो, आणि मग लोब बघता बघता संपतो. लिफ्टर फिरायचं थांबण्याची कारणं बरीच: भोकात साठलेला कार्बन, वाजवीपेक्षा कडक स्प्रिंग, नरम निघालेला लिफ्टर. नव्या कॅमच्या बाबतीत पहिल्या वीस-तीस मिनिटांत झालेली हेळसांडही पुरते. लोबला वेगळा ऑइलचा नळ नसतो, क्रँकवरून उडणारं ऑइलच त्याला मिळतं. म्हणून नवा फ्लॅट कॅम सुरू होताच मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर चालवायचा असतो. आयडलवर सोडला तर तो कोरडा घासतो.

त्यात ऑइल बदललं. जुन्या ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग, झेडडीडीपी, भरपूर असायचं. धातूवर धातू टेकतो तिथे ते एक पातळ थर तयार करतं आणि झीज रोखतं. पण फॉस्फरस हळूहळू एक्झॉस्टमधून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा हलक्या ग्रेडमध्ये त्याची मर्यादा कमी होत गेली. आधी ती वजनाच्या ०.१० टक्के होती. २००४ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा, म्हणजे एपीआयचा, एसएम दर्जा आला आणि ती ०.०८ टक्क्यांवर आली. आजच्या गाड्यांना त्याने काही फरक पडत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्यांची व्हॉल्व्हची यंत्रणा रोलरवर चालते. तुमच्या १९७० च्या इंजिनाला पडतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं हलकं ऑइल, आणि वर कुणीतरी हौसेने लावलेल्या कडक स्प्रिंगा, ही जोडी मला झिजलेल्या इंजिनांत वारंवार दिसते.

याचा अर्थ फ्लॅट टॅपेट वाईट असा नाही. मूळ ताकदीच्या स्प्रिंगा, दर्जेदार लिफ्टर, जस्ताचं प्रमाण लिहिलेलं क्लासिक गाड्यांचं ऑइल आणि नीट केलेलं ब्रेक-इन (नवा कॅम पहिल्यांदा चालवून बसवणं), एवढं सांभाळलं तर तो तुमच्या हयातीत झिजणार नाही. गाडी स्पर्धेत मूळ अवस्थेत उभी करायची असेल किंवा खिशाला ताण असेल, तर मी तोच सुचवेन. कॅम आणि लिफ्टर मिळून तीन-चारशे डॉलरमध्ये काम होतं. मात्र ते ऑइल पुढेही दर वेळी आठवणीने घालावं लागतं, आणि गाडी उद्या मुलाच्या किंवा दुसऱ्या मालकाच्या हातात गेली तर तोही घालेलच असं नाही. ज्याला गाडी नुसती चालवायची आहे आणि ज्याचं इंजिन आधीच उघडलेलं आहे, त्याला मी रोलर सांगतो तो या कारणासाठी.

ताकद वाढते म्हणून रोलर घ्या, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. त्यात तथ्य आहे, पण तुमच्या इंजिनाला ते फारसं लागू नाही. शेव्हरोलेटच्या लिफ्टरचा व्यास ०.८४२ इंच. फ्लॅट कॅमचा लोब जितका झपाट्याने उचलतो, तितका स्पर्शबिंदू तळाच्या मध्यापासून दूर सरकतो. काठाच्या बाहेर गेला की लिफ्टरची कड लोबला खरवडते. म्हणजे व्हॉल्व्ह किती वेगाने उघडायचा, यावर लिफ्टरचा व्यासच मर्यादा घालतो. फोर्डचा लिफ्टर ०.८७५ आणि क्रायस्लरचा ०.९०४ इंचाचा, म्हणून त्यांना थोडी जास्त मोकळीक. रोलरच्या चाकाला ही मर्यादा नाही, म्हणून तेवढ्याच कालावधीत तो व्हॉल्व्ह जास्त वेळ जास्त उघडा ठेवू शकतो. मोठ्या कॅमवर हा फरक ठळक दिसतो. तुमच्या ९.० कॉम्प्रेशनच्या सौम्य इंजिनात थोडा फायदा होईल, पण सीटला पाठ चिकटेल असं काही होणार नाही. तुम्हाला रोलर हवा तो टिकाऊपणासाठी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. तुमच्या ब्लॉकमध्ये रोलर सरळ बसत नाही. शेव्हरोलेटने स्मॉल-ब्लॉकला कारखान्यातून हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने ढिलेपणा भरून काढणारा) रोलर द्यायला सुरुवात केली ती १९८७ मध्ये. त्या ब्लॉकमध्ये लिफ्टरची भोकं उंच असतात, लिफ्टर फिरू नये म्हणून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची आणि त्या दाबणाऱ्या पत्र्याची सोय असते आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून समोर एक थ्रस्ट प्लेट असते. तुमच्या ब्लॉकमध्ये यातलं काहीच नाही. म्हणून ८७ नंतरच्या इंजिनाचा कॅम आणि लिफ्टर जुन्या बाजारातून स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. कॅमचं नाक आणि गिअरचे बोल्टही वेगळे असतात. तुम्हाला लागतो तो रेट्रोफिट संच: तुमच्या जुन्या टायमिंग गिअरला बसणाऱ्या नाकाचा रोलर कॅम आणि दोन-दोन लिफ्टर एका पट्टीने जोडलेले लिंक-बार लिफ्टर. रोलर लिफ्टर भोकात फिरला तर चाक लोबवर आडवं होऊन सगळं उद्ध्वस्त होईल, म्हणून ती पट्टी. ती पट्टी कोणत्या बाजूला ठेवायची ते लिफ्टर बनवणाऱ्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचूनच बसवा. आणि "डबल रोलर" लिहिलेली टायमिंग चेन हा वेगळा प्रकार आहे. ती फ्लॅट कॅमवरही चालते, तिचा रोलर लिफ्टरशी काही संबंध नाही.

ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती म्हणजे कॅमचं पुढे-मागे सरकणं. फ्लॅट कॅमचे लोब तिरके असल्याने लिफ्टरचा भार कॅमला सतत मागे, ब्लॉककडे दाबत राहतो. शेव्हरोलेटने त्यावरच भिस्त ठेवून थ्रस्ट प्लेट दिली नाही. रोलरचे लोब सरळ असतात, तो दाब नाहीसा होतो आणि कॅम मोकळा सरकायला लागतो. डिस्ट्रिब्युटरचा गिअर तिरक्या दात्यांचा असल्याने कॅम सरकला की डिस्ट्रिब्युटर थोडा फिरतो आणि इग्निशनचं टायमिंग नाचायला लागतं. जास्त सरकला तर चाकं शेजारच्या लोबच्या कडेला लागतात. उपाय म्हणजे कॅमच्या नाकावर एक बटन बसवायचं, जे टायमिंग कव्हरला आतून टेकतं. बटन आणि कव्हर यांच्यात ०.००५ ते ०.०१० इंच, आपल्या भाषेत पाच ते दहा थाऊ, जागा ठेवायची. पण तुमचं मूळ कव्हर पातळ पत्र्याचं आहे, ते बटनाच्या रेट्याने बाहेर वाकतं आणि मोजलेले दहा थाऊ चालत्या इंजिनात कितीतरी जास्त होतात. म्हणून एकतर ओतीव ॲल्युमिनियमचं कव्हर घ्या, किंवा पत्र्याच्या कव्हरला आतून मजबुती द्या. गॅसकेटची जाडीही या मापात धरायची असते. कव्हर गॅसकेटसह आवळून, कॅम मागे-पुढे ढकलून मोजा.

डिस्ट्रिब्युटरचा गिअर हा दुसरा घात. बरेचसे रेट्रोफिट रोलर कॅम पोलादाचे असतात, फ्लॅट कॅमसारखे ओतीव लोखंडाचे नसतात. तुमच्या डिस्ट्रिब्युटरवरचा साधा ओतीव लोखंडी गिअर पोलादी कॅमवर चालवला तर दाते सुरीच्या पात्यासारखे पातळ होतात आणि झिजलेली भुकटी पुन्हा ऑइलमध्ये. ज्या कटकटीसाठी इंजिन उघडलं तीच नव्याने सुरू. कॅम बनवणारा कोणता गिअर सांगतो ते बघा: मेलोनाइझ केलेला (पृष्ठभाग कडक केलेला) पोलादी, कांस्याचा किंवा कॉम्पोझिट. कांस्याचा चालतो पण तो स्वतः झिजतो, अधूनमधून काढून बघावा लागतो. नेहमीच्या गाडीला मी मेलोनाइझ केलेला देतो. घेताना डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा व्यास मोजून घ्या, ०.४९१ आणि ०.५०० अशी दोन मापं बाजारात आहेत. याच कारणाने मेकॅनिकल फ्युएल पंपाचा रॉडही बघा. तो कॅमवरच्याच एका एक्सेंट्रिकवर, म्हणजे मध्यापासून सरकलेल्या गोल उंचवट्यावर, चालतो, म्हणून पोलादी कॅमला टोकाशी कांस्य असलेला रॉड घालायचा.

लिंक-बार लिफ्टर जुन्यापेक्षा बरेच उंच असतात, त्यामुळे जुने पुशरॉड लांब पडतात. मूळचा साधारण ७.८ इंच असतो, रेट्रोफिटला अंदाजे ७.२ ते ७.३ लागतो. पण आकडा बघून मागवू नका. हेडची घासाई, गॅसकेट, व्हॉल्व्हची उंची या सगळ्याने लांबी बदलते. कमी-जास्त करता येणारा मापाचा पुशरॉड आणा, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावा, इंजिन दोन फेरे फिरवा आणि रॉकरने पुसलेली रेघ बघा. रेघ अरुंद आणि मध्याजवळ आली की ती लांबी खरी. याच वेळी, लिफ्टर पूर्ण वर असताना आणि पूर्ण खाली असताना, त्याच्या कमरेवरची ऑइलची खाच भोकाच्या आतच राहते का हेही बघून घ्या. ती बाहेर डोकावली तर तिथून दाब निसटतो.

मग हेड. रोलर लिफ्टर जड असतो म्हणून स्प्रिंगही कडक लागते. मूळच्या स्प्रिंगला सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना, साधारण ८० पौंड दाब असतो, हायड्रॉलिक रोलरला १२० ते १४०. इथे तुमची मूळ हेडं अडवतात. त्यातले रॉकरचे स्टड नुसते दाबून बसवलेले असतात, आट्यांचे नसतात. कडक स्प्रिंगने ते हळूहळू वर ओढले जातात. म्हणून ती भोकं आट्यांची करून स्क्रू-इन स्टड बसवावे लागतात. दुसरं म्हणजे व्हॉल्व्हची उचल ०.४६०–०.४८० इंचाच्या पुढे गेली की स्प्रिंगचा रिटेनर (वरची टोपी) गाइडच्या, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीच्या, डोक्यावर आपटतो. गाइड घासून कमी करून, पूर्ण उघड्या अवस्थेत निदान ६० थाऊ मोकळे ठेवायचे. मशीन शॉपमध्ये हेड दिलेलंच असतं, तेव्हा दोन्ही कामं एकत्र होतात. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागाही मातीचा गोळा लावून तपासायला सांगा: इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० थाऊ, याहून कमी नको.

कॅम किती मोठा घ्यायचा, हे मात्र पूर्णपणे तुमच्या गाडीवर अवलंबून आहे. मूळचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यातला जोड), मागे लांब पल्ल्याचा ॲक्सल आणि पॉवर ब्रेक असतील तर लिफ्टरच्या ०.०५० इंच उचलीवर मोजलेला व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा कालावधी इनटेकला २०६ ते २१४ अंश, लोबमधला कोन ११२ आणि व्हॉल्व्हची उचल ०.४७० च्या आसपास, एवढ्यात थांबा. आयडलला थोडी लय येईल, ब्रेकला पुरेसं व्हॅक्यूम राहील आणि सिग्नलवरून गाडी आत्ताच्यापेक्षा मोकळी उठेल. कॅटलॉगमधली दोन पानं पुढची नावं मोह घालतात. १९९६ च्या एलटी-४ इंजिनाच्या वेळचा जीएमचा (शेव्हरोलेटच्या मूळ कंपनीचा) हॉट कॅम लोकप्रिय आहे, २१८ आणि २२८ अंशांचा. पण तो तुमच्या कन्व्हर्टरला मोठा पडेल, आणि तो कारखान्याच्या रोलर ब्लॉकसाठी बनवलेला आहे, तुमच्या ब्लॉकसाठी नाही. सॉलिड (हायड्रॉलिक नसलेल्या) रोलरचा तर विचारही नको. त्याच्या स्प्रिंगा फार कडक असतात, आणि रस्त्यावर तासन् तास आयडलला चालताना त्या चाकाच्या नीडल्सना पुरेसं ऑइल मिळत नाही.

खर्चाचा अंदाज: कॅम, लिंक-बार लिफ्टर, स्प्रिंगा, पुशरॉड, बटन, कव्हर, गिअर मिळून आजच्या भावात १,२०० ते १,८०० डॉलर. मशीन शॉपचं काम, बेअरिंगं आणि गॅसकेटं वेगळी. हा आकडा जड वाटत असेल तर एक वाट आहे. १९९६ ते २००० दरम्यानच्या जीएमच्या ट्रकमधलं ३५० व्होर्टेक इंजिन कारखान्यातूनच रोलरचं असतं आणि त्याच्या हेडांतून हवा तुमच्या हेडपेक्षा मोकळी वाहते. मूळ ब्लॉक गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि ते इंजिन बसवायचं. मात्र इनटेक मॅनिफोल्ड व्होर्टेकच्याच हेडचा घ्यावा लागतो, क्रँकचा मागचा सील एकसंध असल्याने फ्लेक्स-प्लेट वेगळी लागते, आणि ब्लॉकवर मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागा यंत्रावर घासून तयार आहे का ते घेण्याआधी बघावं लागतं. मूळ इंजिन गाडीतच हवं असा ज्यांचा आग्रह नाही, त्यांना मी हे मनापासून सुचवतो.

हे वाचणाऱ्या कुणाकडे फोर्ड असेल तर त्यांच्यासाठी इतकंच: २८९ आणि ३०२ मध्ये थ्रस्ट प्लेट आधीपासून असते, त्यामुळे बटनाची भानगड नाही. पण रोलर कॅम फोर्डच्याच ५.० एचओ इंजिनाचा घेतला तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बदलते. जुनी १-५-४-२-६-३-७-८, एचओची १-३-७-२-६-५-४-८. प्लगच्या वायरी त्याप्रमाणे लावा.

इंजिन बांधून झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी ऑइल भरून दाब चढवा. डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवायचा. त्यासाठी नुसती सळई वापरू नका. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचं धडच लिफ्टरच्या गॅलरीचा एक भाग बंद करतं; ते नसेल तर ऑइल तिथूनच खाली पडतं आणि वरपर्यंत चढत नाही. खऱ्या डिस्ट्रिब्युटरसारख्या धडाचं प्रायमिंगचं हत्यार मिळतं, ते आणा. मधूनमधून क्रँक फिरवत राहा आणि सोळाही रॉकरवर ऑइल आलेलं डोळ्यांनी बघा. मग झीरो लॅशवरून, म्हणजे रॉकर आणि पुशरॉडमधला ढिलेपणा नुकताच संपतो तिथून, नट अर्धा फेरा आवळा. तुमच्या ३/८ इंची, २४ आट्यांच्या स्टडवर अर्ध्या फेऱ्यात नट साधारण २१ थाऊ खाली जातो.

रोलरला वीस मिनिटांच्या ब्रेक-इनची गरज नाही, पण इंजिन गरम झालं की टायमिंग लाइट लावून खूण बघा. खूण एका जागी स्थिर असली पाहिजे. मागे-पुढे नाचत असेल तर कॅम सरकतोय. गाडी बाहेर काढू नका, कव्हर उघडून बटनाची जागा परत मोजा. पहिलं ऑइल ५०० मैलांवर बदला, फिल्टर कापून आतला कागद पसरून उन्हात बघा आणि त्यावर चुंबक फिरवा.

तुमच्या सोळा लोबचे आकडे, हेडवरचा कास्टिंग नंबर आणि मागच्या ॲक्सलचा रेशो कळवा. ते तीन मिळाले की कॅमचे अंश आणि स्प्रिंगचा दाब नेमका किती ठेवायचा, ते सांगता येईल. आणि गाडी ऑगस्टला रस्त्यावर हवी असेल तर मशीन शॉपमध्ये नंबर आत्ताच लावा. वसंत ऋतूत इथल्या सगळ्या शॉप्समध्ये ब्लॉकची रांग असते.